अंगठ्याखालचा चंद्र

टिंग.

दुपारच्या सामसुमीत फरशीवर चमचा पडला आणि माझं लाल पेन थांबलं. सासूबाई आडव्या झाल्या होत्या. खाली आमच्या बेकरीतही निजानीज होती. घरात अशी शांतता मिळाली की मी निबंध तपासायला बसते आणि लेक काय करतेय याकडे अर्धा कान ठेवते.

स्वयंपाकघरात डोकावले. ती बाहुलीला मांडीवर घेऊन बसली होती. पडलेला चमचा उचलून तिनं बाहुलीच्या तळव्यावर दाबला.

"रडायचं नाही हं. चंद्र उगवतोय."

मी तिच्या हातातून चमचा काढून घेतला.

या घरात जन्मलेलं मूल सहा वर्षांचं झालं की त्याला भट्टीपुढे उभं करतात. बिस्किटं भाजायच्या तापलेल्या पत्र्याची कड आजोबा त्याच्या अंगठ्याखाली टेकवतात. क्षणभरच. मग लोणी, मग नवे कपडे, मग टाळ्या. मागे चंद्रकोरीसारखा वण उरतो, त्याला चंद्र म्हणायचं. चंद्र असेल त्यानंच पिठात हात घालायचा. सुना बाहेरच्या, त्यांनी पत्रे घासायचे, गल्ल्यावर बसायचं. आणि लेकीचा सहावा वाढदिवस उद्यावर आला होता.

त्याच आठवड्यात मी शाळेत एका क्रूर प्रथेची गोष्ट शिकवत होते. फळ्यावर शब्द लिहिले होते : प्रतीक, उपरोध, आशय. विचारलं, "गावातली माणसं त्या भयंकर प्रकाराला इतकं गोड नाव का देतात?" एरवी खिडकीबाहेरच बघत बसणारी एक मुलगी म्हणाली, "बाई, गोड नाव दिलं की कुणाला ओरडावंसं वाटत नाही." मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. भोवती चौकट काढताना खडू मोडला. वर्ग हसला.

त्या दिवशी संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा मी म्हटलं, "उद्या तिचा हात मिळणार नाही."

"अगं, मला चटका बसला तेव्हा मी काय मेलो?" नवरा म्हणाला.

"किती रडला होतात ते आईंनीच सांगितलंय."

"तो मेला जन्मापासूनच रडका," सासूबाई म्हणाल्या आणि सगळे हसले. एरवी मीही हसले असते.

सासरे मात्र हसले नाहीत. "सूनबाई, शाळेतलं शाळेत ठेवा. भट्टीशी सोयरीक करायची तर चटका घ्यावाच लागतो."

"मोठी झाली की करील ती सोयरीक, वाटलं तर. आता तिला काय कळतंय, बाबा?"

ताटांवरचे हात थांबले. सासरे उठले, हात धुतले आणि एवढंच म्हणाले, "बरं. तुमची मर्जी."

मला वाटलं, जिंकले. लेकीला कुशीत घेऊन तिचा तळवा किती वेळ गालाला लावून बसले होते. मऊ, जरासा चिकट, बिस्किटाच्या वासाचा.

सकाळी सासऱ्यांनी शब्द पाळला. भट्टीपुढे कुणी तिला उभं केलं नाही. नवा फ्रॉक घालून ती धावत खाली गेली, थेट आजोबांच्या परातीपाशी. आजवर ते रोज तिला पिठाचा गोळा तोडून द्यायचे आणि ती त्याचे ससे करायची. सहा वर्षांपर्यंत सगळं माफ असतं.

त्यांनी परात अलगद पलीकडे सरकवली.

"आता नाही बाळा. तिकडे आईजवळ बस हं, गल्ल्यावर."

रागानं नाही, लाडानंच म्हणाले. रागावले असते तर भांडता तरी आलं असतं. नवरा मान खाली घालून गोळे तोडत राहिला. मोरीपाशी पत्रे घासणाऱ्या सासूबाईंनी मान वर केली, मग त्या पुन्हा खसाखसा घासू लागल्या.

लेक माझ्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसली. रडली नाही. माझा हात तिनं ओढून घेतला, उलटा केला, अंगठ्याखाली बोट फिरवून फिरवून शोधलं. मग आजीच्या साबणानं भरलेल्या हातांकडे वाकून पाहिलं.

"तुलाही नाही. आजीलाही नाही."

"नाही गं, राणी."

ती पाय हलवत राहिली.

"आई, मग आपण कुणाच्या घरी राहतो?"