आधी सोडा

"काकू, मतलब, तुम्ही खरंच येणार?" मैत्रेयीने तिसऱ्यांदा विचारलं. ही तिलक नगरातल्या आमच्या शेजाऱ्यांची मुलगी. पाहुण्यांना संध्याकाळी जयपूरचे तीन बार फिरवून आणते, हेच तिचं काम. जन्म इथलाच, म्हणून मराठी अडखळत बोलते, पण पोरगी गुणी आहे.

"का गं? बायकांना बंदी आहे का?" मी म्हटलं. "मला तो तिसरा बार बघायचाय. एकटीची हिंमत होत नाही, म्हणून तुझ्या लटांबरात येतेय."

कारण सांगते. आमचे हे, उत्तमराव, बँकेच्या बदलीने सांगलीहून इथे आले आणि इथलेच झाले. मे महिन्यात गेले. कपाट आवरताना त्यांच्या कोटाच्या खिशात त्या बारची काडेपेटी सापडली आणि माझं डोकंच फिरलं. हा माणूस एरवी दारूला शिवायचा नाही. वर्षातून एकदाच पिऊन यायचा, चौदा डिसेंबरला. आणि चौदा डिसेंबर म्हणजे आमच्या स्वानंदीचा वाढदिवस. साडेतीन वर्षांची असताना पोर तापाने गेली. त्यानंतर यांनी तिचं नाव कधी घेतलं नाही, म्हणून मीही घेतलं नाही. दरवर्षी त्या दिवशी मी घरी शिरा करून एकटी बसायची, आणि हे खुशाल प्यायला! एकवीस वर्षं मी तो राग गिळला. आज पुन्हा चौदा तारीख. पोटच्या पोरीच्या वाढदिवशी या माणसाला तिथे एवढं काय गोड लागत होतं, ते मला बघायचंच होतं.

पहिला बार एका गच्चीवर. मैत्रेयीने बिअर पुढे केली. काढ्यापेक्षा कडू! नाक दाबून अर्धा ग्लास प्यायले, आणि मग काय झालं कोण जाणे, पाय हलके झाले. समोर बिर्ला मंदिर दुधात बुडवून काढल्यागत पांढरं. नाहरगडाचे दिवे आकाशात नुसतेच लटकलेले, खालचा डोंगर अंधाराने पुसून टाकलेला. तीस वर्षं या गावात राहिले, पण गाव असं तरंगताना कधी बघितलं नव्हतं. गार वारं सुटलं होतं. थोडा वेळ मी राग विसरलेसुद्धा.

दुसरीकडे सगळं निळं होतं. भिंती निळ्या, माणसं निळी, हसणाऱ्यांचे दातही निळे. गाण्याचा ठोका छातीत वाजत होता. मधोमध एक मुलगी डोळे मिटून एकटीच हळूहळू नाचत होती. आमची असती तर एवढीच असती. रात्री उशीर केला म्हणून मी हिला दारातच झापलं असतं, आणि बापाने पाठीशी घातलं असतं. मी किती वेळ बघत राहिले देव जाणे. तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून हसली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"काकू, घरी जाऊ या का?" मैत्रेयी घाबरली.

"घरी काय! तिसरा राहिलाय की."

तिसरा म्हणजे एका जुन्या हॉटेलातली लांबट खोली. गाणं नाही, गोंगाट नाही, कोपऱ्यात माशांची टाकी मंद उजेडात बुडबुडत होती. स्वेटर घातलेला म्हातारा वेटर आला. मैत्रेयी त्याला द्वारकाजी म्हणाली. मी मोबाइलमधला यांचा फोटो त्याच्यापुढे धरला.

"अरे, बैंक वाले साहब! आज आए नहीं?"

गेले म्हणून सांगितलं. म्हातारा खुर्ची धरून उभा राहिला.

"कोणाबरोबर बसायचे?" मी विचारलं. आवाज चढलाच माझा.

"अकेले, बहनजी. मतलब... बिटिया के साथ."

मग त्याने सांगितलं. हे टाकीजवळच्या टेबलावर बसायचे. आधी नुसता सोडा मागवायचे. त्यात बोट बुडवून पोरीच्या वाट्याचे तीन थेंब टेबलावर टाकायचे आणि म्हणायचे, स्वानंदी आज पाच की हो गई. आज दस की. आज अठारह की. थेंब वाळले की मगच व्हिस्की. मग रडायचे. डोळे पुसून, तोंड धुऊन घरी निघायचे.

म्हणजे नाव घेत होते! अहो, मग माझ्यासमोर का नाही घेतलंत? मी तिकडे शिऱ्यापुढे एकटी, तुम्ही इकडे सोड्यापुढे एकटे. कसली अक्कल ही! आणि मी तरी तोंड उघडलं होतं का कधी?

"पिछले साल मैंने ही कहा," द्वारकाजी म्हणाले, "साहब, बिटिया चौबीस की हो गई, अब तो एक बूँद व्हिस्की की दे दो. हँसने लगे. बोले, उसकी माँ से पूछना पड़ेगा."

मी टाकीजवळच्या टेबलावर जाऊन बसले. सोडा मागवला, व्हिस्कीही मागवली. सोड्याचे तीन थेंब टाकले. "स्वानंदी आज पंचवीसची झाली," मोठ्याने म्हणाले.

मग बोट व्हिस्कीत बुडवलं.

"घे गं बाई. एकच थेंब हं. बाबांना सांग, आईने हो म्हटलंय."