दहा गुंठे, निरंक

प्रतिभा सरपंच झाली ती महिला राखीव जागेवर. सुरुवातीला तिचा नवरा महेशच पंचायतीत बसायचा, ती घरी आलेल्या कागदांवर सह्या करायची. पण कचऱ्याचा आराखडा तिनं स्वतः हातात घेतला. शाळेमागं जळणाऱ्या ढिगाच्या धुरानं तिच्या लेकीला, योगिनीला, धाप लागायची. शेणावर आणि ओल्या कचऱ्यावर चालणारा गॅस, शेडवर सोलर, त्यावर रस्त्याचे दिवे. तालुक्याच्या बैठकीत तिनं हे इतकं नीट मांडलं की दिंडोरीहून परतताना गाडीत महेशच तिला एकेक आकडा विचारत होता.

अडलं जागेवर. रस्त्याला लागून सरकारी दहा गुंठे हवे होते. गायरानात तशा दोनच जागा. एकीवर महेशच्या चुलतभावाचं, खंडेरावचं, द्राक्षाचं पॅकिंग शेड. दुसरीवर सुरगाण्याहून येणाऱ्या मजुरांच्या सात झोपड्या. ही माणसं द्राक्षाच्या छाटणीला यायची आणि पावसाच्या तोंडावर भात लावायला गावी जायची. आता ऑगस्ट होता. झोपड्यांची दारं तारेनं बांधलेली होती.

ग्रामसेवकानं झोपड्यांच्या जागेचा फॉर्म पुढं केला. "ताई, 'जागेवर वस्ती' या रकान्यात काय लिहू?"

"आज कुणी राहतंय का तिथं?"

"आज तर कुणी नाही."

"मग निरंक लिहा."

लिहून झालं तरी ती त्या रकान्याकडं बघत राहिली. कडेच्या झोपडीत भागीबाई राहायची. योगिनीच्या बाळंतपणात सव्वा महिना प्रतिभाच्या अंगाला तिनंच तेल चोळलं होतं. आणि गेल्या माघात भागीबाईचं स्वतःचं तीन महिन्यांचं लेकरू तापानं गेलं, तेव्हा त्याला झोपडीमागंच पुरलं होतं. गुंडाळायला पांढरं कापड प्रतिभानंच नेऊन दिलं होतं.

ग्रामसेवकाला हे एका वाक्यात सांगता आलं असतं. तिनं सही केली.

ग्रामसभेत जागेचा ठराव आला तेव्हा म्हाताऱ्या नवसाबाईनं विचारलं, "आन् ती लोकं परत आली म्हंजे?"

"ते काय मतदार हायेत इथले?" खंडेराव म्हणाला. लोक हसले. पहिला हात त्याचाच वर गेला. मग सगळ्यांचे.

आठव्या दिवशी पोकलेन आला. सकाळी सुरू केलेलं झोपड्या पाडायचं काम जेवणाच्या आत उरकलं. भांडीकुंडी, पाटे-वरवंटे बाभळीखाली ढीग लावून ठेवले. मग कडेच्या झोपडीमागं गॅसच्या टाकीसाठी खड्डा खणला, त्यातला मुरूम महेशनं ट्रॉल्या भरभरून आपल्या बागेच्या रस्त्यावर टाकला आणि वरून रोलर फिरवून घेतला.

दसऱ्यानंतर जीप भरून माणसं आली. वाळू नावाचा त्यांचा मुकादम पंचायतीत भांडायला गेला. भागीबाई मात्र कुणाशी न बोलता नव्या टाकीभोवती फिरली आणि थेट प्रतिभाच्या दारात येऊन उभी राहिली.

"वहिनी, खड्ड्यातली माती कुठं टाकली?"

आतून महेश ओरडला, "तुमची भांडी हायेत सगळी बाभळीखाली. बघून घ्या!"

"भांडी नाय इचारत. माती इचारते."

"मला काय ठाऊक?" प्रतिभा म्हणाली. "पोकलेनवाल्याला इचार."

"कापड तर तुमीच दिलं व्हतं."

प्रतिभाला सगळं आठवलं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. "भागी, हे अख्ख्या गावाचं काम हाय. एकेकाचं ऐकत बसलं तर काय व्हतंय का?"

पोकलेनवाल्यानं भागीबाईला खरं ते सांगितलं. वाळू बाकीच्यांना घेऊन दुसऱ्या गावी कामाला गेला. ती तेवढी राहिली. प्रकल्पावर कचरा निवडायला बाई हवीच होती. महेश म्हणाला, कमी पैशात मिळतीये, खाडा करत नाही. बागेच्या रस्त्यानं कधी जायची वेळ आली तर ती मुरमावर पाय ठेवायची नाही, बांधावरच्या काट्याकुट्यातून चालायची.

जिल्ह्याचे साहेब प्रकल्प बघायला आले. प्रतिभाला त्यांनी शाल दिली. मग त्यांच्यातल्या एकानं भागीबाईला विचारलं, "काय मावशी, कसं वाटतंय इथं?"

भागीबाईनं प्रतिभाकडं बघितलं. "इथंच बरं वाटतं," ती म्हणाली.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून प्रतिभाला प्रकल्पाच्या बाजूनं जाणं नकोसं झालं. भागीबाई काही बोलायची नाही, रागानं बघायची नाही, नुसती मान खाली घालून ओलं-सुकं वेगळं करत असायची. ते प्रतिभाला जास्त लागायचं.

पुढच्या मासिक सभेत तिनं सांगितलं, भागीबाई ओल्यात प्लास्टिक टाकते, त्यानं मशीन दोनदा अडकलं. मशीन एकदाही अडकलं नव्हतं. नवसाबाईची सून सदस्य होती, तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. भागीबाईला बोलावून सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

"मी प्लास्टिक टाकलं?" एवढंच तिनं विचारलं. ग्रामसेवकानं पुढचा विषय वाचायला घेतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी महेश आणि प्रतिभा गाडीनं दिंडोरीला निघाले. फाट्यावर भागीबाई बोचकं घेऊन उन्हात उभी होती. महेशनं गाडी हळू केली.

"घ्यायचं का तिला दिंडोरीपर्यंत?"

"नको," प्रतिभा म्हणाली, आणि काच वर घेतली. "कचऱ्याचा वास येतो तिच्या अंगाला."