सात नंबरचा पांढरा

कवळीवाल्यांना जगात कशाची पारख असेल तर ती पांढऱ्या रंगाची. त्यांचं खरं नाव कागदोपत्री होतं, पण गल्लीत ते कवळीवालेच, कारण अडतीस वर्षं त्यांनी दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या आणि सुटे दात बनवले. त्यांच्याकडे एक पट्टी होती. तिला नमुन्याचे सोळा दात लावलेले, म्हणजे पांढऱ्याच्या सोळा छटा, एक नंबर सगळ्यात पांढरा. तुम्हाआम्हाला सोळाही सारख्याच दिसल्या असत्या. हे गृहस्थ मात्र समोरच्याने जांभई दिली तरी त्याचा नंबर सांगून मोकळे होत. चारचौघांत लोकांच्या तोंडात बघत बसू नका म्हणून बायकोने टेबलाखालून किती चिमटे काढले, त्याला गणती नाही.

असा हा माणूस बासष्टाव्या वर्षी जलरंग शिकायला गेला आणि पहिल्याच दिवशी त्याच्या हातातला पांढरा रंग काढून घेतला गेला.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत दर शनिवारी सकाळी वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शाळा काही त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. त्यांनी आठही जणांच्या रंगपेट्या तपासल्या, पांढऱ्याच्या ट्यूबा गोळा केल्या आणि आपल्या खणात टाकून कुलूप लावलं. जलरंगात पांढरा म्हणजे कागद, तो लावायचा नसतो, राखायचा असतो, असं त्यांनी सांगितलं. कवळीवाल्यांना हे पटलं नाही. कागद म्हणजे फार तर एक नंबरचा पांढरा. उरलेल्या पंधरांनी जायचं कुठे? पण ते गप्प राहिले, कारण त्यांना हा वर्ग हवा होता.

हवा होता तो ताईसाठी. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहणारी. आता सत्तरी ओलांडल्यावर ती लेकीकडे कायमची राहायला निघाली होती, विमानाने जावं लागेल इतक्या लांब. जायला दहा आठवडे उरले होते. घरातले सगळे फोटो पालथे घातले तरी तिचा हसतानाचा एकही सापडत नव्हता. ताई हसायची, अगदी पोट धरून हसायची, पण हसू फुटायच्या आधी हात तोंडावर जायचा. त्या हाताला आपणच कारण आहोत, हे कवळीवाल्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं. ती जाण्याआधी तिचा हसरा चेहरा आपल्या हातून कागदावर उतरावा, एवढंच त्यांना हवं होतं. हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. ताई तिशीत असताना जिन्यावरून घसरली आणि तिचा पुढचा दात तुटला. चार दिवसांवर नोकरीची मुलाखत. डॉक्टरांनी माप घेतलं आणि दात बनवायचं काम धाकट्या भावाकडे आलं, जो या धंद्यात नुकताच पडला होता. छटा ठरवायला त्याने तिला खिडकीत बसवलं, पट्टी तोंडाशी धरली आणि हा नंबर की तो, असं करत पाऊण तास घालवला. आता उघडं राहिलेलं तोंड कोरडं पडतं, आणि कोरडा दात असतो त्याहून पांढरा दिसतो. हे त्या धंद्यातल्या प्रत्येकाला पहिल्या वर्षात कळतंच. कवळीवाल्यांना ते अकराव्या महिन्यात कळलं. ताईचा दात दहाव्यात बसला होता.

सात नंबरच्या जागी चार नंबर बसला. शेजारचे दात ओले होऊन मूळ रंगावर आले आणि हा एकटा भर दुपारी लागलेल्या ट्यूबलाइटसारखा दिसायला लागला. ताई म्हणाली, छान झालाय. तिला नोकरीही लागली. बदलून देतो म्हणायला त्यांची जीभ रेटेना, कारण तसं म्हणणं म्हणजे चूक कबूल करणं. पुढे त्यांनी सात नंबरचा नवा दात गुपचूप बनवला. तो कपाटातल्या डबीत पडून राहिला, आणि मधे एकोणचाळीस वर्षं गेली.

वर्गात पहिल्यांदा नुसते रंगाचे हात मारले, मग टोमॅटो आला. ओला रंग वाळला की फिकट होतो, म्हणून डोळ्याला जरा जास्त वाटेल इतका लावा, असं बाईंनी सांगितलं, तेव्हा कवळीवाल्यांनी असा सुस्कारा टाकला की शेजारी बसणारी नर्स त्यांच्याकडे बघायलाच लागली. टोमॅटोवरचा उजेडाचा ठिपका कोरा ठेवायचा होता. त्यांना तो राहून गेलेला वाटला आणि त्यांनी तो इमानेइतबारे भरून टाकला. झाडाच्या आठवड्यात ते एकेक पान काढत बसले, वर्ग सुटला तेव्हा एक फांदी झाली होती. आकाश मात्र बरं जमत होतं. पण अर्धवट वाळलेल्या ढगात त्यांनी पुन्हा ओला कुंचला घातला आणि निळ्या आकाशात फुलकोबीचा गड्डा उगवला. एकतर ओलं असताना काय ते करा, नाहीतर पूर्ण वाळू द्या, मधे लुडबुड नको, असं बाईंनी बजावलं.

पाचव्या आठवड्यात बाईंनी टेबलावर पांढरी किटली ठेवली, मागे पांढरी भिंत. सगळ्यांच्या नाकी नऊ आले. पांढऱ्यावर पांढरं दाखवायचं कसं? बाई म्हणाल्या, किटलीला हातच लावू नका, तिच्या शेजाराला थोडं गडद करा. कवळीवाल्यांनी भिंतीवर पाण्यासारखा पातळ राखाडी हात फिरवला आणि कागदातून किटली बाहेर आली. ते चित्र त्यांनी घरी नेऊन आरशाशेजारी टाचलं. बायकोने विचारलं, हे काढलंय कुठे, हे तर नुसतं सोडून दिलंय. तिला ही स्तुती आहे हे समजावण्यात संध्याकाळ गेली.

मग चेहरे आले आणि कवळीवाले तोंडावर पडले. नर्स हसत समोर बसली होती. इतरांनी कपाळापासून सुरुवात केली, यांनी दातांपासून. एकूण एक दात, प्रत्येकाचा उंचवटा, हिरडीची रेघ, सगळं चोख. त्याभोवती मग नर्स कशीबशी बसवली. चित्रातली बाई आता चावते की मग, अशी दिसत होती.

"हसणारं माणूस बघताना आपण दात मोजतो का?" बाईंनी विचारलं.

"मी मोजतो," कवळीवाले म्हणाले.

बाईंनी हात टेकले नाहीत. घरचा अभ्यास म्हणून त्यांनी रोज एक हसरं तोंड काढायला लावलं, दातांच्या जागी कागदाची एक सलग पट्टी सोडायची, बास. कवळीवाल्यांनी बायको काढली, दूधवाला काढला, बँकेतला शिपाई काढला. पहिल्या वीस तोंडांत त्यांना राहवेना, पट्टीत रेघा मारल्याच. एकविसावं तोंड हसलं. ते काढलं तेव्हा ताई जायला तीन दिवस होते.

रविवारी सकाळी ते ताईकडे गेले. खोकी बांधून झाली होती, भिंतींवर उतरवलेल्या फोटोंचे चौकोन राहिले होते. खिडकीपाशी एक खुर्ची उरली होती, तिच्यावर ताईला बसवून त्यांनी खोक्यावर कागद मांडला. ताई पासपोर्टच्या फोटोला बसावं तशी बसली. तिला हसवायला त्यांनी नर्सचं चित्र बरोबर आणलंच होतं. ते बघताच ताई फुटली, आणि हात तोंडावर गेला.

"हात खाली घे ना, ताई."

"सवय आहे रे बारक्या. जाते का आता?"

"माझ्यामुळे लागली ती," ते म्हणाले, आणि मग एकोणचाळीस वर्षं जे पोटात होतं ते सगळं बाहेर आलं. कोरडा दात, चार नंबर, सात नंबर, कपाटातली डबी. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले आणि त्यांनी रंगाच्या फडक्यालाच डोळे पुसले.

ताईने सगळं ऐकून घेतलं. "हाताची सवय आईने लावली," ती म्हणाली. "मोठ्याने हसलेलं तिला खपायचं नाही. मी आठ वर्षांची असेन. तू जन्मलाही नव्हतास."

"आणि दात?"

"दात जास्त पांढरा आहे, ते मला पहिल्याच दिवशी दिसलं. आरसा होता की माझ्याकडे."

कवळीवाल्यांच्या गालावर निळा रंग फासला गेला होता आणि तोंडाचा आ झाला होता. त्यांच्याकडे बघून ताई पुन्हा हसायला लागली, या खेपेला हात मांडीवरच राहिला. त्यांनी कुंचला उचलला. गालांचा रंग ओला असतानाच ओठांना भिडवला, डोळ्यांच्या सुरकुत्या एकेका फटक्यात घेतल्या आणि ओठांमधे कागदाची पट्टी सोडली, एक रेघही न मारता. पंधरा मिनिटांत ताई कागदावर होती. त्यांना स्वतःलाच खरं वाटेना. पट्टी एकसारखी पांढरी होती, त्यात कुठला दात आईबापांनी दिलेला आणि कुठला त्यांनी बनवलेला, हे ओळखायची सोय नव्हती. एका परीने चूक दुरुस्त झाली होती.

ताईने चष्मा लावून चित्र बराच वेळ पाहिलं.

"माझा दात कुठंय?" तिने विचारलं.

"सगळे आहेत की."

"तू केलेला. तीन डॉक्टरांनी मला विचारलं, हा बदलून देऊ का. मी म्हटलं, भावाच्या हातचा आहे, राहू दे. तो नसेल तर हे कुणीही असू शकतं. माझा दात घाल."

कवळीवाल्यांनी रंगपेटी चाळली. कागदाहून पांढरं काही पेटीत नव्हतं, बाईंच्या खणातही नव्हतं. मग त्यांना किटली आठवली. कागद पुरता वाळेपर्यंत ते हात बांधून बसून राहिले. ताईने तेवढ्यात चहा केला, तो दोघांनी प्यायला. मग त्यांनी वाटीभर पाण्यात पिवळ्याचा ठिपका आणि तपकिरीचा त्याहून लहान ठिपका मिसळला, कोऱ्या कागदाच्या तुकड्यावर लावून खिडकीत धरून बघितला. सात नंबर. वाळल्यावर फिकट होणार म्हणून तो त्यांनी किंचित गडद घेतला. बारीक कुंचल्याने त्यांनी तो पट्टीवरून डावीकडून उजवीकडे फिरवला, आणि मधला एक दात तेवढा कोरा ठेवला.