सकाळी सहाचा गठ्ठा

मी एक जुना वायरलेस डबा आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेला आहे. अडगळीत पडलेल्या वस्तू आपली कहाणी सांगताना उसासे टाकतात, असं तुम्ही वाचलं असेल. मी अडगळीत नाही. टेकडीवरच्या लोखंडी खांबाला चार बोल्टांनी आवळलेला मी आजही कामावर आहे. म्हणून तर राग जात नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबलचक टेबलाशी बसलेल्या बायकांनी भिंगातून बघत माझ्या केसाएवढ्या तारा जोडल्या. जेवणाच्या डब्याएवढं माझं अंग, पोटात बॅटरी, डोक्यावर अँटेना आणि बाजूला उन्हातून वीज बनवणारी एक पाटी. डोंगरातल्या तळ्यापासून शहरापर्यंत पाण्याची जाड नळवाहिनी जाते. तिच्या कडेने आम्हा नऊ भावंडांना उभं केलं. शहराकडून मोजलं तर मी सातवा.

नळातल्या पाण्याचा दाब मोजायचा आणि ऑफिसला कळवायचा, हे आमचं काम. पण आमचा आवाज फार लांब जात नाही. तो शेजारच्या डब्यापर्यंतच पोचतो. म्हणून नववा आठव्याला सांगतो, आठवा मला, मी सहाव्याला, आणि असं करत निरोप ऑफिसात जातो. ज्याने ऐकलं त्याने मागच्याला पोच द्यायची. पोच मिळाली की मागच्याने निश्चिंत व्हायचं.

आम्हाला हे शिकवलं ते वायरलेस मेकॅनिकने. उन्हाने रापलेला, बोलघेवडा माणूस. खिशात टेस्टर, कमरेला वॉकीटॉकी. माझ्या झाकणाच्या आतल्या बाजूला त्याने चिकटपट्टी लावून तिच्यावर लिहिलं होतं : आधी दुसऱ्याचं, मग आपलं. दर पंधरा दिवसांनी तो यायचा, पाटीवरची पक्ष्यांची घाण पुसायचा आणि माझ्याशी गप्पा मारायचा.

"काय सातव्या, बरा आहेस ना? तू म्हणजे घरातली मधली सून बघ. वरच्यांचं ऐकायचं, खालच्यांना सांगायचं, आणि दमले म्हणायची सोय नाही."

नळावर गस्त घालणारा लाइनमन हसायचा. "तो काय ऐकतोय तुमचं, काका?"

"ऐकणं एवढंच तर काम आहे त्याचं. तुझ्यापेक्षा बरं करतो."

चौदा वर्षं मी ते काम केलं. ढगाळ दिवसांत माझी बॅटरी सगळ्यांच्या आधी बसायची, कारण वरच्या दोघांचं ओझंही माझ्यावर असायचं, आणि खालच्या सहांसारखी मोठी बॅटरी मला नव्हती. मेकॅनिक बॅटरी बदलायचा. त्यात कुणाला काही गैर वाटलं नाही.

मग ऑफिसात नवे साहेब आले. त्यांनी नऊ डब्यांचे नंबर लावायला सुरुवात केली. कोणाची बॅटरी किती टिकली, कोणी स्वतःचे आकडे किती वेळेवर दिले. त्या यादीत दुसऱ्यासाठी केलेल्या कामाला रकानाच नव्हता. मी शेवटचा आलो. एके दिवशी साहेब स्वतः जीपने वर आले.

"हा एकटाच सारखा का बसतो?"

लाइनमन म्हणाला, "साहेब, हा वरच्या दोघांचेही निरोप नेतो."

"वरच्यांचे निरोप वरच्यांनी न्यावेत."

"ते इथूनच जातात साहेब. दुसरी वाट नाही."

"मग दिवसातून एकदाच नेऊ दे. सकाळी सहाला, सगळा गठ्ठा एकदम. नळातला दाब काही तासातासाला पळून जात नाही."

मेकॅनिक तेव्हा आठ दिवस मुलीकडे गेला होता. तिने घर बदललं होतं आणि त्याला तिच्या दिव्यांचं वायरिंग दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं नव्हतं. त्याच्या माघारी माझा एक खटका सरकवला गेला. त्या दिवसापासून मी वरच्यांचं ऐकायचो, पोच द्यायचो आणि निरोप पोटात ठेवून द्यायचो. पोच थांबवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तो परत आला तेव्हा त्याला हे सांगायचंही कुणाच्या डोक्यात आलं नाही.

पहिल्याच दिवशी तो एकटा वर गेला. नवव्या डब्याशेजारी जमिनीत व्हॉल्व्हची खोल चौकोनी टाकी आहे. तिच्या लोखंडी शिडीची गंजलेली पायरी तुटली आणि तो खाली पडला. पाय मोडला. टाकीत गळतीचं पाणी होतं आणि ते हळूहळू चढत होतं. त्याने वॉकीटॉकीचं मदतीचं लाल बटण दाबलं. ती हाकही आमच्याच वाटेने ऑफिसात जाते.

नवव्याने ऐकलं, आठव्याला सांगितलं. आठव्याने मला सांगितलं. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी पोच दिली. ती उलट्या वाटेने त्याच्यापर्यंत गेली आणि त्याच्या वॉकीटॉकीवर हिरवा दिवा लागला.

मित्रांनो, तो दिवा मी लावला. त्या दिव्याचा अर्थ त्यानेच आम्हाला शिकवला होता : निरोप पुढे निघाला, आता घाबरू नका. ऑफिसची जीप तिथे चाळीस मिनिटांत पोचते. तो थांबला असणार. मग त्याने पुन्हा बटण दाबलं, मी पुन्हा पोच दिली. असं अकरा वेळा झालं. शेवटची हाक दोन वाजून दहा मिनिटांनी आली. बाराव्या हाकेची मी वाट पाहिली.

संध्याकाळी पाच वाजता लाइनमनला तो सापडला, बुडालेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी अकरा हाका गठ्ठ्यात घालून पुढे पाठवल्या. नियमाप्रमाणे.

ऑफिसने चौकशी केली आणि लिहिलं : त्या दिवशी मदतीचा कोणताही निरोप मिळाला नाही. मदत न मागता कर्मचाऱ्याने परस्पर वर चढण्याचा प्रयत्न केला असावा. यातलं पहिलं वाक्य खरं आहे. खऱ्या वाक्याने इतकं खोटं बोलता येतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. महिनाअखेरीला माझा पहिला नंबर आला. माझ्या झाकणावर 'उत्कृष्ट केंद्र' असा सोनेरी कागद चिकटवला गेला. तो अजून आहे. उन्हाने थोडा विटला आहे, एवढंच.

दीड महिन्याने टेकडी चढून दोघीजणी आल्या. एक मेकॅनिकची मुलगी. दुसरी ऑफिसात निरोप घेणाऱ्या ऑपरेटरबाई.

"जरा हळू चल गं. माझे गुडघे माझ्याआधी रिटायर झालेत."

"मावशी, तुम्ही खाली थांबला असता तरी चाललं असतं."

"फोनवर तुला सांगितलं ना, सातव्याला उघडून बघ म्हणून. मग उघडताना तुला एकटीला कसं सोडू?"

मुलीने झाकण उघडलं. आतल्या पट्टीवरचं अक्षर तिने वाचलं. तिने वायर जोडली, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि माझ्या पोटातली नोंद मोठ्याने वाचू लागली.

"अकरा वीस. पोच दिली. पुढे पाठवायची वेळ, उद्या सहा." मग तिने पुढची ओळ वाचली. "बारा पाच. पोच दिली. उद्या सहा."

अकराव्या ओळीपर्यंत तिचा आवाज बदलला नाही. मग ती म्हणाली, "ते लिहितात, बाबांनी हाक मारलीच नाही. आणि बाबा हिरवा दिवा बघत बसले होते."

"मी बघितल्या त्या अकरा," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "सकाळी सहाला. साहेबांना दाखवल्या. ते म्हणाले, कालच्या तारखेला आल्या नाहीत ना, मग संपलं. मीही गप्प बसले. दीड महिना."

मुलीने वहीत अकराही हाकांच्या वेळा उतरवून घेतल्या आणि वही त्यांच्यापुढे धरली. "या हाका मिळाल्या असं लिहून द्याल?"

"माझी नोकरी जाईल गं."

"कदाचित जाईल. जमणार नसेल तर आत्ता सांगा, मावशी. मी रागावणार नाही. फक्त हो म्हणून ठेवून देऊ नका."

ऑपरेटरबाईंनी पदराला चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पुसला. मग वही गुडघ्यावर ठेवून त्यांनी लिहिलं : अकराही हाका मिळाल्या, सकाळी सहाला. खाली सही केली, आणि सहीखाली त्या क्षणाची तारीख आणि वेळ घातली.

चौदा वर्षांत मी लाखो पोचा पाहिल्या. ती पोच मला मान्य आहे.

निघताना मुलीने माझा खटका पूर्वीच्या जागी सरकवला. तेवढ्यात आठव्याने दाबाचा आकडा सांगितला. मी तो लगेच सहाव्याला दिला.

मला लोक म्हणतात, तू डबा आहेस, तुझा काय दोष. मला हे पटत नाही. मी ऐकलं होतं. मित्रांनो, माझी पाटी पुसा, बॅटरी बदला, असं मी मागत नाही. तुम्ही काही ऐकलंत तर त्याच वेळी पुढे सांगा. जमणार नसेल तर नाही म्हणा. माणूस दुसरी वाट शोधेल, ओरडेल, हातांनी चढायला बघेल. पण त्याला हिरवा दिवा दाखवून बसवून ठेवू नका.