थर्माकोलचा देवमासा

मित्रांनो, नारिंगी रंग उडालेली, मुठीपाशी गुळगुळीत झालेली ही जुनी यंत्रकरवत म्हणजे मी. लोक मला चेनसॉ म्हणतात. मी पेट्रोल पिते, ओरडते आणि साखळीवरच्या दातांनी कापते.

कारखान्यातून निघताना वाटलं होतं, मोठमोठे वृक्ष कापीन. पण मला विकत घेतलं नाटकांचे देखावे बनवणाऱ्या एका कारागिरानं. अंगावर सदा भुसा, म्हणून सगळे त्यांना भुसाकाका म्हणत. त्यांच्या शेडमध्ये माझ्यापुढे आलं ते पाइनचं मऊ लाकूड, गवताचे गठ्ठे आणि थर्माकोल. मी हिरमुसले. पण लवकरच कळलं, की मऊ वस्तू कापणं सोपं नसतं. पाइनचा चीक दातांना चिकटून बसतो. गवत साखळीत गुंततं. थर्माकोलवर पेट्रोलचा थेंब पडला, तर तिथे खड्डाच पडतो. म्हणून काका मला अंगणात नेऊन पेट्रोल पाजत, फडक्यानं लेकरासारखं पुसत आणि मगच आत आणत. पांढऱ्या वस्तूवर काळे डाग पडू नयेत, म्हणून माझ्या साखळीला स्वयंपाकघरातलं तेल देत.

"भाजीत तेल जास्त झालं की मला बोलता, आणि हिला मात्र पोटभर!" काकू म्हणत.

"ती उलट बोलत नाही ना."

"बोलत नाही? अख्ख्या गल्लीला ऐकू जातं!"

काकांसारखे हात मी पुन्हा पाहिले नाहीत. त्या हातांनी गवतातून सिंह काढला, पाइनमधून होडी काढली.

मग मुलांच्या नाटकासाठी देवमासा करायचं काम आलं. त्याच्या उघड्या तोंडातून मुलं रंगमंचावर येणार होती. शेपूट झाली, पाठ झाली आणि काका आजारी पडले. चार पावलं चाललं तरी धाप लागे. डोक्यासाठी थर्माकोलचा एकच ठोकळा उरला होता. तो बिघडला, तर दुसरा वेळेत मिळणार नव्हता. त्यांची लेक रजा काढून घरी आली होती. काकांनी मला तिच्या हाती दिलं आणि स्वतः समोर खुर्चीत बसले.

"बाबा, माझ्याकडून वाट लागेल त्याची."

"लागू दे. आधी चष्मा लाव डोळ्यांना."

तिनं मला जोरात पळवलं, वर दाबही दिला. थर्माकोल वितळून दातांना चिकटला. जळका वास सुटला.

"थांब! दाबतेस कशाला? हिचं वजनच पुरे आहे. हळू चालव. तू नुसती धर."

"बोलू नका हो, दम लागतो," काकू म्हणाल्या.

"मग तू शिकव."

"मी? मला तर ही सासूसारखी वाटते. लांबूनच नमस्कार!"

लेक हसली. हसताना तिचे खांदे सैल झाले, मनगट हलकं झालं. तिनं माझे दात साफ केले आणि मला पुन्हा चालवलं. या वेळी मी लोण्यातून जावं तशी गेले. जबडा गोलाकार वळला. पांढरे दाणे तिच्या केसांवर, काकांच्या शालीवर बसले. काका उठले, तिच्या खांद्याला धरून देवमाशाच्या तोंडाच्या कडेवरून तळहात फिरवत राहिले.

"झालं की गं," एवढंच म्हणाले.

नाटकाचा प्रयोग त्यांनी पाहिला नाही. त्याआधीच ते गेले. मुलं मात्र त्या तोंडातून नाचत बाहेर आली.

मला खिळ्याला टांगलं गेलं. कुणी हात लावेना. धूळ बसली, दात गंजू लागले. नातेवाईक येत, माझ्याकडे बघून उसासा टाकत. मग एका सकाळी लेकीनं मला खाली उतरवलं. ब्रशनं गंज घासला, एकेक दात कानशीनं घासून धार लावली. तिच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं, तेही तिनं लगेच पुसलं. शेडच्या दारात पाइनचा नवा ओंडका येऊन पडला होता.

मित्रांनो, घरातलं माणूस गेलं, तर त्याची अवजारं नुसती आठवण म्हणून टांगून ठेवू नका. त्यांना तेल द्या, धार लावा आणि ती वापरायला शिका. काकांचा हात कसा होता, ते मला अजून ठाऊक आहे. पण ते सांगायला मला कुणाच्या तरी हातात असावं लागतं.