फोन मोकळा ठेवा

आमच्या यांना गल्लीत राजदूत म्हणतात. जन्मभर पाण्याचे मीटर तपासले, पण रिटायर झाल्यापासून साऱ्या जगाची उठाठेव आमच्या बाहेरच्या खोलीतून चालते. रोज सकाळी रेडिओवर ‘श्रोत्यांचं मत’ सुरू झालं की हे फोन मांडीवर घेऊन बसतात. नंबर लागला की घरातला रेडिओ बंद करायचा, नाहीतर आवाज घुमतो, ही तिथली शिस्त. मग आपली पाळी येईपर्यंत होल्डवरचं संगीत ऐकायचं. तेवढा वेळ घरातला एकुलता एक फोन अडकलेला.

एरवी मी काही बोलले नसते. पण आमची मुलगी परदेशात, लढाईत वेढा पडलेल्या एका शहरात नर्स आहे, आणि कितीतरी दिवसांत तिचा आवाज नव्हता. माझा जीव टांगणीला. "अहो, फोन मोकळा ठेवा," हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

"तिकडच्या सगळ्या लाइन बंद आहेत. बातम्यांत सांगितलं," हे म्हणाले. यांना जगातलं सगळं ठाऊक.

त्या सकाळी मी कोपऱ्यावरच्या लॉन्ड्रीत माझ्या रोजच्या इस्त्रीच्या कामाला उभी होते. तिथे रेडिओ चालूच असतो. निवेदक म्हणाला, थेट त्या शहरातून एक ताई आपल्याशी बोलतायत. आणि माझी लेक बोलायला लागली.

"घरचा फोन सारखा बिझी लागतोय. आमचे बाबा तुमच्याच लाइनवर असतील, त्यांना ठेवायला सांगा. मला आईशी बोलायचंय. आम्हाला न्यायला ट्रक आलेत, पण रस्त्यात गोळीबार चाललाय. निघू की तळघरातच थांबू, एवढं तिला विचारायचं होतं."

"जरूर, जरूर. पण ताई, सरकारबद्दल तिथल्या जनतेचं मत काय?"

"मत कसलं? प्यायला पाणी नाही इथे."

"ऐकत राहा, लाइन सोडू नका. आता आपले एक नेहमीचे श्रोते."

मेल्यानं तिचं ऐकूनच घेतलं नाही. मी इस्त्री टाकून लॉन्ड्रीच्या फोनवरून घरी लावला. बिझी. लागणार कसा? रेडिओवर घसा खाकरून आमचे हेच सुरू झाले होते.

"माझं मत स्पष्ट आहे. तिथल्या लोकांनी जागचं हलू नये. पळालात तर शहर गेलंच म्हणून समजा."

मी तशीच घरी धावले. हे फोन ठेवून खुशीत बसले होते.

"ऐकलंस का? आज वेळ कमी दिला मेल्यांनी. आधी कोणी बाई रडगाणं गात बसली होती म्हणे."

"ती बाई आपली होती," मी म्हणाले, आणि तिनं विचारलेलं शब्दन् शब्द सांगितलं. "आणि तुम्ही तिला थांब म्हणालात."

यांचा चेहरा पडला. "अगं, मी आपलं सर्वसाधारण बोललो."

इतका राग मला आयुष्यात कधी आला नव्हता. हे मात्र फोन फिरवत होते. रेडिओचाच. यांना पाठ असलेला तेवढाच नंबर. मी रेडिओ लावला. कोणी गृहस्थ सांगत होते की मघाच्या श्रोत्यांशी ते पूर्ण सहमत आहेत.

"बिझी लागतोय," हे म्हणाले.