पेटीतल्या बाईची नात

धम्मशीलाचं डोकं फिरलं ते पेटीवरून. विभागाच्या मॅनेजरनं, कीथनं, हाडं कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत भरली होती आणि आता तो रिकामी पेटी तिच्यापुढे सरकवून म्हणाला, "लाकूड चांगलं आहे. घरी घेऊन जा हवी तर, मुलांची खेळणी राहतील."

धम्मशीला साउथहॅम्प्टनच्या एका कॉलेजात फिजिओथेरपी शिकवायची. पेटी तिच्या कितीतरी आधीपासून तिथे होती. आत खरा सांगाडा, आणि झाकणाच्या आतून कलकत्त्याच्या कुठल्याशा व्यापाऱ्याचा पितळी बिल्ला. एके काळी जगभरच्या डॉक्टरांना हाडं तिकडून जायची. गरिबाचं, बेवारशाचं प्रेत उचलायचं, ना घरच्यांना विचारायचं ना दारच्यांना, धुऊन पुसून जहाजावर चढवायचं. कॉलेजात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

सांगाडा बाईचा होता. ते कमरेच्या हाडावरून कळतं. पण धम्मशीलाला ती बाई ओळखीची झाली ती मानेच्या मणक्यांवरून. ते पार झिजलेले होते, जन्मभर डोक्यावर ओझं वाहणाऱ्या माणसाचे झिजतात तसे. तिची आई गयाबाई परभणीकडे रस्त्याच्या कामावर खडीची घमेली वाहायची. आईच्या मानेचा एक्स-रे धम्मशीलानं पहिल्यांदा पाहिला तेव्हा तिला पेटीतले मणकेच आठवले होते. तेव्हापासून वर्गात ती ते मणके दोन्ही हातांनी उचलायची. कुणी कवटीबरोबर सेल्फी काढायला गेलं, तर त्याला सरळ बाहेरचा रस्ता दाखवायची.

आता प्लॅस्टिकचे नवे सांगाडे आले होते, म्हणून जुनी हाडं निघाली. सोमवारी हॉस्पिटलच्या कचऱ्याबरोबर ती भट्टीत जाणार होती. रक्ताची बँडेज, वापरलेल्या सुया आणि ही बाई.

"हिला नीट अग्नी द्या," धम्मशीला कीथला म्हणाली. "माणसासारखा."

"द्यायला काहीच हरकत नाही," कीथ म्हणाला. तो गोड बोलायचा, हेच तर दुखणं होतं. "नियमात तशी सोय आहे. पण बाहेरच्या कुणीतरी येऊन संबंध सांगायला हवा. तुम्ही स्टाफ, तुम्हाला सांगता येणार नाही."

मग तिनं कॉव्हेंट्रीच्या बबनकाकांना फोन लावला. काका तिथल्या बुद्धविहाराचे जुने कार्यकर्ते. ते म्हणाले, "पोरी, अंगात बळ आहे तोवर मी येतो. त्रिसरण म्हणू, निरोप देऊ. आणखी काय लागतं?" कीथनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. कॉव्हेंट्रीच्या लोकांचा कलकत्त्याच्या बाईशी संबंध कसा लावायचा, असा त्याला प्रश्न पडला होता. गावातलं कुणी असतं तर गोष्ट वेगळी.

गावात मराठी मंडळ होतं. अध्यक्ष डॉक्टर सुहासिनी, भूलतज्ज्ञ म्हणून रिटायर झालेल्या, वागायला अगदी लाघवी. नुकतीच मंडळानं हॉल घेऊन सर्वपित्री केली होती. गुरुजी पुण्याहून झूमवर, आणि कावळे फिरकले नाहीत म्हणून भाताच्या मुदी बंदरावरच्या सीगलनी पळवल्या. त्याचे फोटो ग्रुपवर सगळ्यांनी पाहिले होते.

"ताई, ज्यांचं कुणी नाही त्यांचंही त्या दिवशी करतात ना?" धम्मशीलानं विचारलं. "मग हिला तुम्ही आपली म्हणा. मला विधी नको. आमच्यात श्राद्ध करतच नाहीत, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही फक्त येऊन उभ्या राहा."

"अगं, आय टोटली अंडरस्टँड," सुहासिनीताई म्हणाल्या. "पण कमिटीला काय सांगू? कुठली, कोण, काहीच पत्ता नाही. तिकडे कसल्या कसल्या लोकांची हाडं विकायचे, यू नो. लोक नावं ठेवतील गं."

धम्मशीलाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कसल्या कसल्या लोकांची! गावाबाहेरच्या वस्तीत वाढलेल्या मुलीला हे शब्द कुठून येतात ते फोड करून सांगावं लागत नाही. समुद्र ओलांडून आले, पासपोर्ट बदलले, तरी सर्वपित्रीतल्या 'सर्व'मध्ये कोण बसतं हे यांनी तिकडूनच ठरवून आणलं होतं. तिला पिंड नको होता, खांदा हवा होता, आणि तेवढाही यांच्याकडून निघाला नाही.

राहिली मॉर्वेना. कॉर्नवॉलची म्हातारी, पांढऱ्या केसांची लांब वेणी, गळ्यात हरणाच्या शिंगाचा तुकडा. उन्हाळ्यात तिचा खुबा बदलला होता आणि कॉलेजच्या क्लिनिकमध्ये धम्मशीलानंच तिला पुन्हा चालायला शिकवलं होतं. व्यायाम करता करता ती आपल्या पूर्वजांच्या, ख्रिस्ती धर्माच्या आधीच्या केल्टिक लोकांच्या, गोष्टी सांगायची. ऑक्टोबरच्या शेवटी त्यांचं वर्ष संपतं, त्या रात्री मेलेली माणसं घरी येतात. मग घरातली एक खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवायची, पान वाढायचं, मुकाट्यानं जेवायचं. मॉर्वेनाची आजी त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला लालबुंद सफरचंद घासूनपुसून द्यायची. धम्मशीलाला हे सगळं ऐकायला आवडायचं.

शिवाय मॉर्वेना लढणारी बाई होती. जवळच्या एका छोट्या म्युझियममध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका बाईची हाडं काचेत मांडली होती. ती मातीत परत जावीत म्हणून मॉर्वेना त्या जुन्या रीती पाळणाऱ्या तिच्या लोकांना घेऊन पावसात धरणं धरून बसली. तिथल्या साहेबानं विचारलं, "तुम्ही तिच्या कोण?" ही म्हणाली, "नात." पेपरात फोटो आला, टीव्हीवर बातमी आली, शेवटी म्युझियमनं हात टेकले. म्युझियमला दिलेल्या अर्जावर धम्मशीलाचीही सही होती.

म्हणून तिनं मोठ्या आशेनं मॉर्वेनाला पेटीची हकिकत सांगितली. मॉर्वेनाच्या डोळ्यांत पाणी आलं. मग ती म्हणाली, "पण ती या मातीतली नाही ना, बाळ. आम्ही इथल्या पूर्वजांसाठी उभे राहतो. तुमचं तुमच्या लोकांनीच करायला हवं. आम्ही मध्ये पडलो तर दुसऱ्यांचं ओरबाडल्यासारखं होईल." आणि वर हात धरून, "शनिवारी आमच्या पूर्वजांच्या रात्री जेवायला मात्र नक्की ये."

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! सुहासिनीताईंनी जात काढली आणि हिनं माती काढली, एवढाच काय तो फरक. हिनं ते सभ्यपणे केलं म्हणून धम्मशीलाला जास्तच लागलं.

शनिवारी ती गेली. जाताना रिकामी पेटी बरोबर घेतली.

मॉर्वेनाच्या घरी दहाबारा माणसं जमली होती. मेणबत्त्या लावलेल्या, टेबलाच्या टोकाला काळं कापड घातलेली मोकळी खुर्ची, तिच्यापुढे वाढलेलं पान आणि पानाशेजारी लाल सफरचंद. सगळे मुकाट्यानं जेवले. जेवण आटोपल्यावर एकेकानं उठून खुर्चीवर हात ठेवायचा आणि आपल्या पूर्वजाचं नाव घ्यायचं, अशी रीत होती. कुणी खाणीत गाडल्या गेलेल्या पणजोबाचं घेतलं, कुणी बोटीवरून परत न आलेल्या खापरपणजोबाचं. मॉर्वेनानं म्युझियममधल्या बाईला 'आजी' म्हणून हाक मारली.

धम्मशीला उठली आणि पेटी खुर्चीत ठेवली. लाकडाचा आवाज झाला तशी दोघंतिघं दचकली.

"हिचं नाव मला माहीत नाही," ती म्हणाली. "हाडांना गिऱ्हाईक होतं, नावाला नव्हतं. ते विकणाऱ्यांनी तिकडेच टाकून दिलं."

मॉर्वेना काहीतरी म्हणायला गेली. धम्मशीलानं हात वर केला. एरवी ती मोठ्यांचं बोलणं तोडत नसे, पण आज तिचा संयम संपला होता.

"मॉर्वेना, तुमचा खुबा बदलला त्या सर्जननं पहिला खुबा पाहिला तो अशाच एका पेटीत. तुम्हाला काठी देऊन जिना चढवला ना, त्या माझ्या विद्यार्थिनी. खुबा खोबणीत कसा फिरतो ते त्या हिच्या हाडावर बोट ठेवून शिकल्या. दोन हजार वर्षांपूर्वीच्या आजीनं तुमच्यासाठी काय केलं ते मला ठाऊक नाही. हिनं तुम्हाला पायावर उभं केलं. आणि तुम्ही म्हणता, या मातीतली नाही. हिला माती मिळालीच कुठे? तिकडची मिळू दिली नाही, इकडची तुम्ही देत नाही. सोमवारी ती कचऱ्यातून जाणार आहे."

तिचा आवाज फाटला. ती रडत होती, आणि आपण रडतोय याचाही तिला राग येत होता. मॉर्वेना टेबलाला धरून उठली, कमरेवर हात ठेवून सावकाश चालत खुर्चीपाशी आली. मग पानाशेजारचं सफरचंद उचलून तिनं पेटीत ठेवलं.

"किती वाजता उघडतं तुमचं ऑफिस?" तिनं विचारलं.

सोमवारी सकाळी ती काठी टेकत कीथच्या खोलीत आली. कीथनं तिला टीव्हीवर पाहिलं होतं. तो उठून उभा राहिला आणि त्यानं स्वतः खुर्ची दिली.

"तुम्ही तिच्या कोण?" त्यानं विचारलं. विचारावंच लागतं, असा चेहरा करून.

"नात," मॉर्वेना म्हणाली.

कीथनं तिचे निळे डोळे पाहिले, पांढरी वेणी पाहिली, आणि फोन उचलला. बबनकाकांचा संबंध त्याला लागत नव्हता, हिचा लागला. दारापाशी पेटी घेऊन उभ्या असलेल्या धम्मशीलाला दिसत होतं की तो मॉर्वेनाला मुळीच मानत नाही, टीव्हीवाल्यांना मानतो. चहा निवायच्या आत गाडी ठरली, स्मशानभूमीतली शुक्रवारची वेळ ठरली, फुलांचंही विचारून झालं. मग तो धम्मशीलाकडे वळून हसत म्हणाला, "बघा, किती सोपं होतं. आधीच यांना का नाही आणलंत?"

धम्मशीला आत आली आणि तिनं पेटी त्याच्या टेबलावर ठेवली, कागदांवरच. सफरचंद काढून मॉर्वेनाच्या हातात दिलं. कोपऱ्यातली पिवळी पिशवी उचलून पेटीशेजारी ठेवली आणि झाकण उघडलं.

"ती पिशवीतून जाणार नाही. तुम्हीच भरली होती ना? आता तुम्हीच काढून पेटीत ठेवा," ती म्हणाली.

कीथनं मॉर्वेनाकडे पाहिलं. मॉर्वेना खिडकीबाहेर बघत होती. नाइलाजानं त्यानं पिशवीत एक हात घातला.

"एका हातानं नाही," धम्मशीला म्हणाली. "दोन्ही हातांनी."